पोल्डरमध्ये सायकल : सिंहगड चढणाऱ्या पुणेकरांसाठी सपाट रस्त्याची तयारी

मुलं आम्स्टलव्हेन किंवा आइंडहोव्हनला, आई-बाबा मे ते सप्टेंबरमध्ये दोन महिने तिकडे, असं आता पुण्यात बऱ्याच घरांत असतं. कुणी कंपनीच्या कामासाठी महिनाभर जातं. सायकलची आवड असेल तर या मुक्कामातले तीन-चार दिवस नेदरलँड्सच्या नैऋत्य टोकासाठी राखून ठेवावेत. झीलंड प्रांताचा दक्षिण भाग आणि त्याला लागून असलेला बेल्जियमचा उत्तर फ्लांडर्स मिळून हा एकच सपाट प्रदेश आहे. इथे बांधांवरून, कालव्यांच्या कडेने आणि शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यांवर तासन्‌तास मोटार दिसत नाही.

मात्र तयारी लागते, आणि ती सिंहगडाच्या तयारीपेक्षा वेगळी असते. सिंहगडाचा चढ आठ-नऊ किलोमीटरचा. तो संपतो, वर दही आणि भजी मिळतात, मग उतार लागतो. पोल्डरमधला, म्हणजे बांध घालून समुद्राकडून मिळवलेल्या जमिनीवरचा, समोरचा वारा संपत नाही आणि पायांना विश्रांती देणारा उतारही येत नाही. तिथे थकायला लावतो तो वारा. मार्ग, वेळ, कपडे, टायर, खाणं हे सगळं त्याच्याकडे बघून ठरवायचं.

ही जमीन कशी आहे

पेण-अलिबागचा खारेपाट पाहिला असेल तर पोल्डर समजायला वेळ लागत नाही. भरतीचं पाणी अडवायला बाहेरून बांध, आत भातखाचरं, आतलं पाणी ओहोटीला सोडायला उघाडी, अशी आपली खार जमीन. पोल्डरचं तत्त्व हेच, फक्त आतलं पाणी सतत ठरावीक पातळीवर ठेवलं जातं. चरांमधून ते कालव्यात, कालव्यातून पंपांनी किंवा ओहोटीच्या वेळी दारं उघडून समुद्रात. नेदरलँड्सची सुमारे पाव जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे ती अशी टिकून आहे.

सायकलवाल्याला उपयोगी गोष्ट म्हणजे बांधांच्या ओळी. समुद्राकडचा बांध उंच आणि उघडा. त्याच्या आत शतकांपूर्वी समुद्र अडवणारे जुने बांध आहेत. पुढे आणखी जमीन मिळवली गेली, तशी त्यांची गरज उरली नाही. या आतल्या बांधांवर आज एका गाडीपुरते रस्ते आहेत, अनेक ठिकाणी दोन्ही बाजूंना पॉपलरची झाडं. गावांना जोडणारा मोठा रस्ता वेगळा असल्याने इथे फक्त शेतकरी आणि सायकली. नकाशात शेतांच्या सरळ रेघांमधून एखादा रस्ता उगाच वळणं घेत जाताना दिसला तर तो बहुधा जुना बांध असतो. तोच निवडा.

या पट्ट्यात खाड्याही आहेत, पण त्या आता समुद्राला जोडलेल्या नाहीत. काही जुन्या भरतीच्या वाटांचे अवशेष आहेत. काही बांध फुटून पाणी आत घुसलं तिथे झालेले खड्डे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनविरुद्धच्या युद्धात तर इथले बांध मुद्दाम फोडले गेले. सेंट-लॉरेन्स गावाजवळचा बुरक्रेक हा या पट्ट्यातला मोठा खाडीतलाव. काठाला बोरू, पाण्यात बदकं, आणि रस्ता पाण्याला धरून वळत जाणारा.

१९५३ साली ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारीच्या मधल्या रात्री समुद्र आत आला आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. त्यानंतरच्या मोठ्या बांधकामांपैकी ऑस्टरस्खेल्ड खाडीच्या तोंडावरचा वादळी समुद्र अडवणारा बांध १९८६ साली सुरू झाला. त्यावरून सायकलने जाता येतं. याच बांधावर वादळी वाऱ्याच्या दिवशी समोरच्या वाऱ्यात सायकल चालवण्याची राष्ट्रीय स्पर्धा होते : ८.५ किलोमीटर, गिअर नसलेली साधी उभ्या हँडलची सायकल. या प्रदेशात वाऱ्याला किती मान आहे ते यावरून कळावं.

वाऱ्याचा हिशेब

सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने जाताना बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. हवेचा विरोध हवेच्या सापेक्ष वेगाच्या वर्गाने वाढतो. समोरून २० चा वारा असेल तर तुमच्या छातीवर येणारी हवा ४५ ची, म्हणजे २५ टिकवायला सव्वातीन पट जोर हवा. तेवढा जोर नसतोच, म्हणून त्याच मेहनतीत वेग १४-१५ वर येतो. परतताना तोच वारा पाठीशी असेल तर ३५-३६ मिळतात. आता वेळ मोजा. २० किलोमीटर जाऊन २० परत यायला वारा नसताना ९६ मिनिटं, या वाऱ्यात सुमारे ११५. पाठीचा वारा समोरच्या वाऱ्याचं नुकसान कधीच पूर्ण भरून देत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ असता.

तिकडचा हवामान अंदाज वारा बोफोर्ट अंकात सांगतो. ४ म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटर, ५ म्हणजे २९ ते ३८, ६ म्हणजे ३९ ते ४९, ७ म्हणजे ५० ते ६१. हे आकडे जमिनीपासून १० मीटर उंचीवरचे. सायकलस्वाराच्या उंचीवर वारा त्याहून कमी लागतो, पण उघड्या बांधावर चढलात की फरक फारसा राहत नाही. ४ पर्यंत ठरलेला मार्ग करा. ५ असेल तर अंतर एक तृतीयांशाने कमी करा. ६ ला झाडांच्या कालव्यांवर आणि गावांच्या आसपास राहा, समुद्राचा बांध टाळा. ७ ला सायकल घरी ठेवा, त्यात कमीपणा नाही.

नेहमीचा वारा नैऋत्येकडून. गोल मार्ग असेल तर पहिला अर्धा भाग नैऋत्येकडे तोंड करून संपवा, पाय ताजे असताना. एकाच दिशेने जायचं असेल तर नैऋत्येकडून ईशान्येकडे. हे अंदाज पाहून आदल्या रात्री ठरवायचं, सकाळी पुन्हा तपासायचं. पावसासाठी तिथे सगळेच बाउएनराडार हे ॲप बघतात; पुढच्या दोन तासांतला पाऊस त्यात ढगांसकट सरकताना दिसतो आणि अर्धा तास एखाद्या छपराखाली थांबायचं की निघायचं हे ठरवता येतं. एक गोष्ट अंदाजात चटकन लक्षात येत नाही. उन्हाळ्यातल्या स्वच्छ, शांत दिवशी जमीन तापली की दुपारी समुद्राकडून वारा सुरू होतो आणि किनाऱ्याजवळ सकाळची दिशा बदलते. अशा दिवशी किनाऱ्याचा भाग सकाळी उरका.

बाजूचा वारा समोरच्यापेक्षा जास्त धोक्याचा. मोठं गोदाम किंवा झाडांची रांग ओलांडली की आडोसा एकदम सुटतो आणि सायकल हातभर सरकते. आडोसा संपण्याआधीच कोपरं वाकवून हात सैल ठेवा, वारा ढकलेल त्या बाजूला थोडी जागा राखा. ३५ मिलिमीटरपेक्षा खोल रिम नकोत. चौघं असाल तर वाऱ्याच्या उलट बाजूला तिरकी रांग धरा, पण अरुंद वाटेवर अशी रांग तिघांपेक्षा मोठी करू नका आणि समोरून कुणी दिसलं की लगेच एकामागे एक व्हा.

पुण्यात सहा आठवडे

ही तयारी खडकवासला किंवा बोपदेव घाटात होत नाही. पूर्वेला जावं लागतं. दौंड तालुक्यातला यवत, खुटबाव, केडगाव, राहू हा उसाचा पट्टा, दौंड ते सिद्धटेक हा भीमेकाठचा भाग, आणि आणखी पुढे भिगवण, डिकसळ, कुंभारगाव हा उजनीच्या पाण्याचा काठ. सोलापूर महामार्ग सायकलसाठी नाही. तेवढं अंतर गाडीने किंवा रेल्वेने जा आणि गावांमधल्या रस्त्यांवर सायकल काढा.

पावसाळ्यात, जून ते ऑगस्ट, इथे पश्चिमेचा वारा जोरात असतो. हडपसरहून पूर्वेला निघालं की पाठीशी वारा, आपण फार जोरात आहोत असं वाटतं, आणि परतताना लोणीच्या आधीच पाय संपतात. सरावासाठी क्रम उलटा करा : पूर्वेकडच्या गावात उतरा, पहिला तास पश्चिमेकडे तोंड करून चालवा. उन्हाळ्यात जाणार असाल तर एप्रिलमध्ये संध्याकाळी चारनंतर निघा, तेव्हाही वारा चांगला मिळतो.

आठवड्यातून दोनदा हा सराव पुरे. पहिल्या दोन आठवड्यांत ४५ मिनिटं न थांबता पेडल मारत राहा, मिनिटाला ८५ ते ९० फेऱ्या, पाय मोकळे सोडायचे नाहीत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ७५ मिनिटं, शेवटच्या दोनात ९०. घाटात तयार झालेल्यांना इथे दम कमी पडत नाही. त्यांना त्रास होतो तो बसण्याच्या जागेचा, मानेचा आणि तळहातांचा, कारण तासभर शरीर एकाच स्थितीत राहतं. म्हणून दर दहा मिनिटांनी दहा सेकंद पेडलवर उभं राहण्याची सवय लावा आणि हँडलवरची पकड बदला. वाऱ्यात वाकायचं ते कंबरेतून, खांदे उचलून नाही. कोपर ९० अंशांच्या जवळ आणता आलं तर तेवढ्याने फरक जाणवतो. त्या स्थितीत वीस मिनिटं राहता येत नसेल तर हँडल एक सेंटिमीटर वर घ्या. न टिकणाऱ्या खालच्या हँडलपेक्षा टिकणारं वरचं हँडल वेगवान.

गिअरबद्दल एक सवय मोडावी लागते. चढावर आपण जोर लावून जड गिअर ओढतो, कारण माथा दिसत असतो. समोरच्या वाऱ्यात माथा नाही. एक गिअर हलका टाका, फेऱ्या तशाच ठेवा, आणि वेगाच्या आकड्याकडे बघू नका. वेग दाखवणारं पान मीटरवरून काढून टाकलंत तर उत्तम.

टायर २८ ते ३२ मिलिमीटर. आपल्याकडे सराटे आणि बाभळीचे काटे, तिकडे बांधांवरच्या काटेरी हॉथॉर्नची कुंपणं. हिवाळ्याच्या सुमारास ती छाटतात तेव्हा काटे रस्त्यावर येतात. ट्यूब बदलताना काटा टायरमध्ये राहून गेला तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत बसते. टायरच्या आतून अंगठा सावकाश पूर्ण गोल फिरवा. बाहेरून न दिसणारं टोक आतून टोचतं. सापडलं की बाहेरून चिमट्याने ओढा, आणि मगच ट्यूब घाला. सराट्याच्या बाबतीत एक काढून थांबू नका, एकाच टायरमध्ये तीन-चार बसलेले असतात.

ऊसतोडीच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, या गावांच्या रस्त्यांवर दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. मागची ट्रॉली वळणावर आत येते. त्यांना ओव्हरटेक करू नका, थांबून जाऊ द्या. हीच शिस्त पोल्डरमध्ये बटाटा आणि बीट काढणीच्या वेळी कामाला येते.

सायकल न्यायची की तिथे घ्यायची

आठवड्यापेक्षा कमी फिरणार असाल तर भाड्याने घ्या. स्टेशनवरच्या निळ्या-पिवळ्या सार्वजनिक सायकली पाहुण्यांसाठी नाहीत. त्यांना तिथलं नावाचं कार्ड लागतं, आणि त्या एका गिअरच्या असतात. गावातल्या दुकानातून सात-आठ गिअरची प्रवासी सायकल घ्या. साठीच्या पुढच्यांनी बॅटरीची घ्यावी, वाऱ्यात तिचा उपयोग खरा कळतो. ताशी २५ किलोमीटर वेगापर्यंतच मदत देणारी बॅटरीची सायकल नियमात साध्या सायकलीसारखीच धरली जाते. समोरच्या वाऱ्यात मोठी मदत लावली तर बॅटरी लिहिलेल्या अंतराच्या बरीच आधी संपते, म्हणून मधली पायरी ठेवा.

दुकानाबाहेर पाच मिनिटं तीन गोष्टी तपासा. पहिली, अनेक सायकलींना पेडल उलटं फिरवलं की मागचा ब्रेक लागतो. सिग्नलला पेडल जागेवर आणायला आपण सहज उलटं फिरवतो. तिथे चाक अडतं. दुसरी, हाताचे ब्रेक. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तिकडे सहसा डाव्या. घाईत डावा दाबला तर पुढचं चाक अडकतं. तिसरी, सीटची उंची : टाच पेडलवर, पेडल सर्वांत खाली, पाय सरळ. तिकडची माणसं उंच, त्यामुळे सीट बहुधा वर असते आणि तुमच्या मापाला खाली येतच नाही. मग लहान फ्रेम मागा.

मागच्या चाकाला किल्लीचं गोल कुलूप फ्रेमवरच असतं. ते पुरत नाही. साखळी घेऊन सायकल खांबाला बांधा. हवेचा वॉल्व्ह मात्र ओळखीचा : आपल्या जुन्या काळ्या सायकलीला असतो तोच, साध्या पंपाने भरता येणारा. रोड सायकल नेत असाल तर तुमचा पातळ वॉल्व्ह वेगळा, त्याचा अडॅप्टर जवळ ठेवा.

स्वतःची सायकल न्यायची तर खोक्यात बांधताना डावं पेडल उलट आट्याचं असतं हे विसरू नका. मागचा गिअर सुटा करून फ्रेमच्या आत बांधा, ब्रेक डिस्कचा असेल तर पॅडांमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला, नाहीतर चुकून दाबला गेला की पॅड बंद होतात. बॅटरीची सायकल विमानाने न्यायचा विचार सोडा.

रेल्वेत सायकल नेता येते, पण वेगळं तिकीट लागतं आणि नेदरलँड्समध्ये कामाच्या दिवशी सकाळी ६.३० ते ९ आणि दुपारी ४ ते ६.३० या गर्दीच्या वेळा वर्ज्य असतात. सायकलचं चित्र असलेल्या डब्यातच चढा.

नंबरचे चौक

आता या प्रदेशातली सर्वांत सोयीची गोष्ट. पुण्यात आपण पत्ता सांगतो तो चौकांवरून : अलका, दांडेकर पूल, सारसबाग, स्वारगेट. तिकडे सायकलच्या रस्त्यांना हीच पद्धत लावली आहे. सायकलचे रस्ते जिथे मिळतात त्या प्रत्येक जागेला एक नंबर. ही कल्पना बेल्जियमच्या लिम्बुर्ख प्रांतातल्या ह्युगो बोलेन या खाण अभियंत्याची, आणि पहिलं जाळं १९९५ साली तिथेच सुरू झालं. आज फ्लांडर्स आणि नेदरलँड्स दोन्हीकडे तेच चालतं. ४५ वरून निघालात, पुढचा नंबर ३२ हवा असेल, तर ३२ आणि बाण असलेल्या पाट्या बघत जायचं. ३२ ला पोहोचलं की पुढच्या नंबरांच्या पाट्या सुरू. नकाशा नाही, फोन नाही.

मार्ग घरी बसून आखा. फीट्सनेटसारख्या संकेतस्थळावर नंबरांवर क्लिक केलं की अंतरं मिळतात. मग एक कागदी चिकटपट्टी घ्या, हातभर लांब, आणि त्यावर जाड पेनाने खालीलप्रमाणे लिहा : नंबर, पुढच्या नंबरपर्यंतचं अंतर, आणि त्या टप्प्यात वारा कुठून येणार त्याचा बाण. पट्टी फ्रेमच्या वरच्या नळीवर चिकटवा, वर पारदर्शक टेप. पाऊस आला तरी वाचता येते. वाऱ्याचा बाण लिहिण्याचा कंटाळा करू नका. पुढचे सहा किलोमीटर समोरचा वारा आहे हे आधी माहीत असेल तर माणूस आधीच खाऊन घेतो आणि जोर राखतो.

घोळ कुठे होतो तेही समजून घ्या.

नंबर फक्त ९९ पर्यंत असतात आणि शेजारच्या भागात तेच पुन्हा येतात. सीमा ओलांडताना ३२ दिसला म्हणजे तो तुमचाच ३२ असं नाही. पट्टीवर गावांची नावंही लिहा.

एकाच खांबावर दोन्ही दिशांच्या पाट्या असतात. आपल्याकडे तोंड असलेली वाचायची.

वळण नसेल तिथे पाटी नसते, सरळ जायचं. सलग दोन फाटे पाटीविना गेले तर तुम्ही मागेच चुकलात. अंदाजाने पुढे जाऊ नका, शेवटच्या पाटीपर्यंत परत या. पोल्डरमध्ये दोन रस्त्यांच्या मध्ये दहा फूट रुंद चर असतो, त्यावर पूल तीन-चार किलोमीटरवर, आणि शेतातून आडवं जाणं होत नाही.

नंबरांखेरीज नेदरलँड्समध्ये सायकल वाटांच्या फाट्यांवर गुडघाभर उंचीचे, अळंबीच्या आकाराचे पांढरे दिशादर्शक दिसतात. त्यांवर गावांची नावं आणि अंतरं असतात, चुकलेल्याला ते पुरे.

रस्त्यावरच्या सवयी

उजव्या बाजूने चालायचं. गर्दीत हे आपोआप जमतं, कारण सगळे तसेच जात असतात. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, पाणी पिऊन पुन्हा निघताना. हात सवयीने डावीकडे नेतात. हँडलच्या उजव्या टोकाला लाल चिकटपट्टीचा तुकडा लावा, निघताना तो दिसतो.

रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतात. टोक तुमच्याकडे असेल तर थांबून समोरच्याला जाऊ द्यायचं. काहीच खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी, मग ती मोटार असो वा सायकल. निळ्या गोल पाटीत पांढरी सायकल असेल तर त्या वाटेनेच जाणं बंधनकारक. प्रवेश बंदच्या पाटीखाली सायकलचं चित्र आणि ‘uitgezonderd’ (म्हणजे ‘वगळून’) हा शब्द असलेली छोटी पट्टी असेल तर ती बंदी आपल्याला नाही. शांत रस्ते अशाच पाट्यांच्या मागे सापडतात.

चालवताना हातात फोन धरायला नेदरलँड्समध्ये जुलै २०१९ पासून बंदी आहे. अंधारात किंवा कमी प्रकाशात पुढे पांढरा, मागे लाल दिवा हवाच. घंटी हवी. पुढच्याला मागे टाकण्याआधी घंटी एकदा वाजवा आणि डावीकडून जा. सतत वाजवणं उद्धटपणा समजला जातो.

मोटार नाही म्हणजे धोका नाही असं मात्र समजू नका. वाटेच्या मधोमध मोटारी अडवायला खांब रोवलेले असतात. मागे जाणाऱ्याला तो पुढच्याच्या पाठीमुळे दिसत नाही आणि या रस्त्यांवरचे वाईट अपघात तिथेच होतात. पुढच्याने ओरडून सांगायचंच, मराठीत सांगितलं तरी चालेल. फ्लांडर्समधले शेतरस्ते काँक्रीटच्या फरशांचे. आडवे सांधे फक्त ठोके देतात, मधला उभा सांधा मात्र पातळ टायर धरून ठेवतो. तो ओलांडायचा तर तिरका ओलांडा, त्याच्या बाजूबाजूने जाऊ नका. कडेला काँक्रीट संपतं तिथे चार-पाच सेंटिमीटरची पायरी, पलीकडे मऊ माती आणि चर. ट्रॅक्टर आला तर चालत्या सायकलने कडेला जाण्याऐवजी थांबा, पाय टेका.

सप्टेंबर ते नोव्हेंबर काढणीचा चिखल रस्त्यावर येतो. ही समुद्राची चिकणमाती ओली झाली की दौंडच्या काळ्या मातीइतकीच घसरते. तिच्यावर ब्रेक लावू नका, वळू नका, आधीच वेग कमी करून सरळ पार करा. समुद्राच्या बांधावर मेंढ्या चरतात. तिथे लोखंडी गजांच्या जाळ्या लागतात. त्यांवरून सरळच जा, ओल्या असतील तर उतरा.

दोन मार्ग

पहिला एकाच दिशेचा, सुमारे ४५ किलोमीटर, नैऋत्येचा वारा पाठीशी घेऊन : ब्रुखहून (इंग्रजीत ब्रुज) डाम्मे, तिथून कालव्याच्या कडेने स्लुइस. हा सुमारे १५ किलोमीटरचा कालवा नेपोलियनच्या हुकमाने खणायला घेतला होता. दोन्ही काठांना वाऱ्याने वाकलेली पॉपलरची झाडं आहेत. पुढे रेत्रांशमां, कादझांडचा किनारा आणि समुद्राच्या बांधाला धरून ब्रेस्केन्स. इथून फ्लिसिंगेनला जाणारी बोट फक्त माणसं आणि सायकलींसाठी आहे, वीस-बावीस मिनिटांत स्खेल्डची खाडी पार करते. २००३ मध्ये खालून बोगदा झाला आणि मोटारी तिकडे गेल्या. बोगद्यात सायकलींना प्रवेश नाही, त्यामुळे शेवटच्या बोटीची वेळ आधी पाहून ठेवा. ती चुकली तर जवळचा दुसरा रस्ता नाही. फ्लिसिंगेनहून कालव्याने मिडलबुर्ख सहा-सात किलोमीटर, दोन्ही गावांना रेल्वे आहे. बांधाजवळून जाताना वर उघड्यावर जायचं की पायथ्याच्या आतल्या रस्त्याने, हा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो. वारा समुद्राकडून असेल तर आतला रस्ता घ्या, तासाला पाच-सहा किलोमीटरचा फरक पडतो. समुद्र बघायला मध्ये कुठेतरी वर चढा आणि खाली या.

दुसरा गोल, ५० ते ६० किलोमीटर, भाड्याच्या सायकलीसाठी सोयीचा : स्लुइस, आर्डेनबुर्ख, सेंट-लॉरेन्स, बुरक्रेक, सिंट-मार्खरीटे, वाटरफ्लीट, आयझेन्डाइके, ओस्टबुर्ख आणि परत. खाड्यांचा खरा भाग सेंट-लॉरेन्स ते वाटरफ्लीट. तिथे घाई करू नका, त्या वीस किलोमीटरसाठीच हा मार्ग. नैऋत्येच्या वाऱ्यात स्लुइसहून निघून आधी दक्षिणेकडचा भाग करा. आयझेन्डाइकेनंतर पश्चिमेकडे वळल्यावर थोडा वारा तोंडावर येतो, तेवढी ताकद शिल्लक ठेवा. लिओपोल्ड कालव्याची लांब सरळ वाट याच भागातून जाते. ती वाऱ्याच्या दिशेने मिळाली तर सुख, उलट मिळाली तर पहिल्याच पुलावरून खाड्यांच्या वळणदार रस्त्याकडे निघा.

खाणं आणि कपडे

पोल्डरमध्ये चहाची टपरी नाही. दोन गावांमध्ये १०-१२ किलोमीटर काहीच नसतं, रविवारी लहान गावांतली दुकानंही बहुधा बंद. दोन बाटल्या भरून निघा. चरांचं पाणी मचूळ असतं, ते प्यायचं नाही. नळाचं पाणी सगळीकडे चांगलं. तासाला ४० ते ६० ग्रॅम साखर-पिष्ट पोटात जायला हवं. गुळाची चिक्की, खजूर, राजगिऱ्याचे लाडू यांना तोड नाही. पुण्याहून नेताना दुधाचे पदार्थ वगळा, युरोपात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. पेढे आणि बर्फी घरीच. समोरच्या वाऱ्यात दोन्ही हात हँडलवर लागतात म्हणून खाणं राहून जातं. दर पाऊण तासाने थांबून, आडोशाला, पाठ वाऱ्याकडे करून खा.

मे महिन्यात सकाळी १० अंश असतात आणि वारा ते आणखी थंड करतो. एक जाड जाकीट नेण्यापेक्षा बिनबाह्यांचं वारा अडवणारं जाकीट, सुटे बाह्यांचे मोजे आणि पूर्ण बोटांचे हातमोजे न्या. पाठीशी वारा आला की दहा मिनिटांत घाम येतो, वळलं की तोच घाम थंड पडतो. चढवणं-उतरवणं खिशातून होणारं हवं. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे पाऊस थांबायची वाट बघायला वेळ भरपूर.

परतताना, स्वतःची सायकल असेल तर, खोक्यात घालण्याआधी गोड्या पाण्याने धुवा. समुद्राच्या बांधावरचं मीठ आणि बारीक वाळू साखळीत बसते. तशीच बंद करून पुण्याला आणली तर उघडेपर्यंत कड्यांवर गंज आलेला असतो. साखळी कापडाने कोरडी करा, तेलाचा एक थेंब प्रत्येक कडीला, जास्तीचं पुसून टाका.